बाजाराच्या दिवसाचा खोकला

मागच्या आठवड्यात धाकट्या नातीने फोनवर सांगितलं की ती समुद्रात खोल उतरायला शिकते आहे, आणि पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन किती असावा याचे फार कडक नियम आहेत. "आजी, जास्त ऑक्सिजनसुद्धा माणसाला बाधतो, माहीत आहे?" असं तिने विचारलं. मला माहीत होतं. ते मी शाळेत शिकले नव्हते, धुळे जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात शिकले होते. त्या चौकशीचे कागद एव्हाना वाळवीने खाल्ले असतील, पण तारीख सोडली तर मला त्यातलं सगळं पाठ आहे. म्हणून तुम्हा दोघा नातवंडांसाठी, आणि आणखी कुणी वाचेल त्याच्यासाठी, लिहून ठेवते. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत.

साल नव्वदच्या आसपासचं. मी तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होते. जिल्ह्यात बायका फौजदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे बाईचं काहीही प्रकरण आलं की मोठे साहेब माझ्याकडे ढकलायचे. मोठे साहेब म्हणजे आमचे पोलीस निरीक्षक. माणूस वाईट नव्हता, पण टेबलावरचा कागद लवकर हलावा एवढीच त्यांना काळजी.

एके दिवशी सकाळी हजेरी चालू असताना सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका गावातून साठीचे एक गृहस्थ आले. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, हातात पोलीस पाटलाची चिठ्ठी. गावात त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि थेट विषयाला हात घातला.

"बाईसाहेब, मनी बहीन मरी राह्यनी. तिनी सून तिले काहीतरी चारस."

बहीण म्हणजे गावची अक्का. मधुमेहाने तिच्या उजव्या पायाला न भरणारी जखम झाली होती. दोन डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय कापायला सांगितलं होतं. मग कुणीतरी तालुक्याच्या एका दवाखान्यातल्या, जखमा भरणाऱ्या ऑक्सिजनच्या टाकीचं नाव सुचवलं. दोन महिन्यांपासून सून अक्काला दर बाजाराच्या दिवशी तिथे आणत होती.

"मग पाय कसा आहे?" मी विचारलं.

"पाय सुधरी राह्यना," आबा म्हणाले, "अन् मानूस मरी राह्यनं. हाई कसं? बाजारले जास तवय चांगली ऱ्हास. संध्याकाळले घर येस तं खोकली खोकली अर्धी व्हई जास. छातीमा आग पडस म्हनस. दम लागस. दोन-तीन दिन भाकर खात नही."

"दर आठवड्याला?"

"दर बाजारले. अन् दिसोदिस जास्ती."

संशयाची कारणंही त्यांनी नीट क्रमाने सांगितली. अक्काचा मुलगा दोन वर्षांपूर्वी विहिरीचं काम करताना दरड पडून गेला. सून पंचविशीची, पदरी एक मुलगी. तिच्या माहेरच्यांनी तिचा पाट लावायचं ठरवलं होतं. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्या खानदेशात त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. स्थळ चांगलं होतं, पण ती माणसं थांबायला तयार नव्हती, आणि सून म्हणायची की सासूचा पाय बरा झाल्याशिवाय जाणार नाही. गावाने त्याचा अर्थ उलटा लावला. सासू गेली की सून मोकळी. त्यात शेजारणीने एक गोष्ट पाहिली होती. दर बाजाराला सुनेच्या पिशवीत कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा असायचा.

त्या डब्यावर कवटीचं चित्र असतं. आमच्या ठाण्यात त्या डब्याने मेलेल्यांची फाईल वेगळी होती, त्यामुळे डबा म्हटल्यावर माझेही कान टवकारले. मी आबांचा तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली. मोठे साहेब म्हणाले, "गुन्हा दाखल करा आणि बाईला अटक दाखवा, म्हातारी मेली तर आपल्या गळ्यात येईल." मी म्हटलं, आधी चौकशी करते. त्यांनी पुढच्या बाजारापर्यंतची मुदत दिली. म्हणजे पाच दिवस.

त्याच दिवशी दुपारी जीप घेऊन मी गावात गेले, बरोबर एक महिला शिपाई आणि हवालदार. अक्का ओसरीवर बाजेवर पडली होती. बारीक, काळीसावळी, डोळे तल्लख. प्रत्येक चार शब्दांनंतर कोरडा खोकला येत होता आणि खोल श्वास घ्यायला ती घाबरत होती. श्वास अर्ध्यावर आला की छातीच्या मधल्या हाडावर हात ठेवायची. पाय मात्र मी उघडून पाहिला. धुतलेला, स्वच्छ कापडात गुंडाळलेला, जखमेत लालसर नवं मांस धरलेलं.

मी घराची झडती घेऊन पंचनामा केला. डबा चुलीमागे सापडला. आम्ही तो जप्त करून सील केला. सुनेला म्हटलं, चौकशीसाठी ठाण्यात यावं लागेल, दिवस मावळायच्या आत परत पाठवू. ती जीपमध्ये बसली. अख्खं गाव बाहेर उभं होतं. अक्का बाजेवरून ओरडत होती, "मनी सूनले कोठे ली जातस? माले कोन पानी दी?" आणि मग खोकल्याने तिचा आवाज बुडाला.

ठाण्यात तिला मी माझ्या खोलीत बसवलं. जबाब घेताना माझी एक सवय होती, आधी पाणी आणि मग प्रश्न. पाणी न पिणारा माणूस चिडलेला असतो आणि एका घोटात पिणारा घाबरलेला. तिने पाणी घेतलं, तोंड धुतलं, उरलेलं प्यायली. म्हणजे ती थकलेली होती.

"डब्यात काय असतं?"

"घासलेट."

"औषधाच्या डब्यात?"

"रेशननं घासलेट ताई. बाजारना दिनलेच भेटस. त्या डबाले झाकन घट्ट बसस, एसटीमा सांडत नही. तीनदा राखवरी धोयेल शे तो."

"गावात दुसरा डबा नाही?"

"शे ना. आबाना घर पितळना शे. तो माले कोन दी?"

मी तिला अर्धा तास घोळून घोळून विचारलं. सासूला काय खायला देतेस, चहा कोण करतं, माहेरचं माणूस शेवटी कधी भेटलं. तिने सगळ्याची सरळ उत्तरं दिली. एकदा मात्र तिचा आवाज चढला.

"मारानंच व्हतं तं रोज तिना पाय कसाले धुसू ताई? वास माराय तवय बठ्ठा लोक दूर व्हयनात. मी व्हयनू का?"

महिला शिपाई खिडकीबाहेर बघू लागली. मीही पेनचं टोपण लावलं आणि काढलं. पण रडवणारं उत्तर खरंच असतं असं नाही, हे नोकरीत मला कळलेलं होतं. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढून तिला परत पाठवलं. डबा रासायनिक पृथक्करणासाठी पाठवायचा कागद तयार केला. त्याचा अहवाल यायला तीन-चार महिने लागायचे. मी सील करण्यापूर्वी वास घेतला होता, घासलेटाचाच होता. पण नाकाचा पुरावा कोर्टात चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या दवाखान्यात गेले. डॉक्टर चाळिशीचे, मुंबईत शिकलेले, बोलायला थोडे तिखट. मुंबईच्या गोदीत पाणबुड्यांसाठी, म्हणजे समुद्रात बुडी मारून काम करणाऱ्या माणसांसाठी, वापरलेली एक जुनी लोखंडी टाकी त्यांनी लिलावात घेऊन, दुरुस्त करून दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये बसवली होती. आडव्या बॉयलरसारखी दिसायची. आत दोन बाकं, चार माणसांची जागा, जाड काचेची एक गोल खिडकी. दार बंद करून आत हवेचा दाब वाढवायचा आणि प्रत्येकाच्या तोंडाला मास्क लावून नुसता ऑक्सिजन द्यायचा. दाबामुळे तो रक्तात जास्त मुरतो आणि हट्टी जखमा भरू लागतात. आग लागू नये म्हणून आत काडेपेटी नाही, नायलॉनची साडी नाही, डोक्याला तेल नाही. बायकांना तेलाचीच अट सगळ्यात जड जायची.

"दिवसाला दीड तास," डॉक्टर म्हणाले. "दर अर्ध्या तासाने मास्क काढून पाच मिनिटं साधी हवा. रजिस्टर बघा, सगळं लिहिलेलं आहे. आणि बाई, ऑक्सिजनने विषबाधा झाली असं म्हणायला तुम्ही आला असाल तर आधी चहा घ्या."

मी चहा घेतला आणि रजिस्टरही घेतलं. दर बाजाराच्या दिवशी अक्काच्या नावापुढे एकच नोंद होती, आत नऊ वाजता, बाहेर साडेदहाला. डॉक्टर रोज सकाळी पेशंटना बघायचे. बाजाराच्या दिवशी मात्र बाहेर शंभर माणसं असायची, त्यामुळे टाकीकडे ते फिरकत नसत. टाकी त्यांचे मदतनीस सांभाळायचे, त्यांना सगळे नाना म्हणत.

रजिस्टर मी दोनदा चाळलं. आमचे गस्तीवाले शिपाई कधी कधी आठवड्याची गस्त एकाच बैठकीत लिहून टाकतात. शाई एकसारखी, अक्षराचा तिरपेपणा एकसारखा, वेळ पाच मिनिटांनीही चुकत नाही. खरी नोंद वेडीवाकडी असते. बाकीच्या दिवसांच्या नोंदी वेड्यावाकड्या होत्या, बाजाराच्या दिवसाच्या सरळ.

मी सुनेला पुन्हा बोलावलं, या वेळी पोलीस पाटलाकडून निरोप पाठवून, जीप न पाठवता. ती एसटीने आली. विष, चहा, पाट यातलं मी काहीच विचारलं नाही.

"बाजाराच्या दिवशी तू सकाळी उतरलीस, तिथपासून दिवस कसा जातो ते सांग. एकेक गोष्ट."

तिच्याकडे घड्याळ नव्हतं, पण जीनचा भोंगा होता. आमच्या तालुक्याच्या गावात कापसाची जिनिंग फॅक्टरी होती आणि दिवसातून तीनदा तिचा भोंगा वाजायचा. तिने बोटं मोडत सांगितलं. उतरलो, अक्काला टाकीत बसवलं, मग पहिला भोंगा झाला. मग रेशनच्या रांगेत उभी राहिले. दुकान उघडायलाच उशीर. घासलेट मिळालं तेव्हा शाळेची मधली सुट्टी झाली होती. मग मिरच्या, मीठ, मुलीसाठी रिबीन. मग दवाखान्याच्या मागे लिंबाखाली भाकरी.

"अक्का तेव्हा कुठे होती?"

"टाकीमा."

"अजून?"

"हा. मी काचमाईन हात करू. तोंडवर ते लायेल ऱ्हाये, हातवरी म्हने, तू खाई ले. मंग तिसरा भोंगा झाया का नाना तिले बाहेर काढेत."

मी महिला शिपायाकडे पाहिलं. ती तालुक्याच्याच गावची, तिसरा भोंगा किती वाजता होतो ते तिने न विचारताच सांगितलं. तीनला. नऊ ते तीन, सहा तास.

"दर बाजाराला?"

"हा. पयले दोन बाजार कमी. मंग नानासले इनंती करी आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

म्हणजे तिघं. अक्का, पायथ्याच्याच दुसऱ्या गावचा एक म्हातारा, आणि शिंदखेड्याकडची एक बाई. तिघंही लांबची, तिघंही बाजाराच्या दिवशीच येणारी. मी दोन दिवसांत त्या दोघांचे जबाब घेतले. म्हाताऱ्याला खोकला होता. शिंदखेड्याकडच्या बाईला छातीत जळजळ आणि चढ चढताना दम. दोघांनाही बाजारानंतर दोन-तीन दिवस, मग आपोआप कमी. दोघांच्याही घरात अक्काची सून नव्हती. तालुक्याच्या गावातलाच एक शिंपी हाताच्या जखमेसाठी बाजाराचा दिवस सोडून रोज टाकीत बसायचा, दीड तास, मास्क काढत-घालत. त्याला विचारलं, खोकला? तो म्हणाला, "बाई, टाकीत विडी ओढता येत नाही म्हणून उलट माझा खोकला गेला."

मग मी नानांना बोलावलं. नाना पंचावन्नचे, उंच, वाकलेले, मूळचे खानदेशी पण मुंबईच्या गोदीत पाणबुड्यांच्या टाकीवर पंधरा-वीस वर्षं मदतनीस होते. त्यांच्यासमोर मी रजिस्टर ठेवलं. कधी कधी तेवढंच पुरतं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही.

"मी लिहिलंय ते खोटं आहे," ते म्हणाले. "डॉक्टरांना काही माहीत नाही."

"का केलंत?"

"मॅडम, तुम्ही त्या अक्काला टाकीतून उतरताना पाहिलंय? पहिल्या दिवशी ती म्हणाली, नाना, रोज यायचं कसं? एसटी आमच्या गावाला सकाळी एक आणि संध्याकाळी एक. रोज आलो तर शेत कोण बघणार, नात कोण बघणार? आठवड्याचं एकदम देऊन टाका. डॉक्टरकडे सलाईन लावतात तेव्हा माणूस म्हणतोच ना, आलोच आहे तर दोन बाटल्या चढवा. तसं. मी हिशोब केला, सहा दिवसांचे नऊ तास होतात. म्हटलं, नऊ नको, सहा पुरे."

"आणि मधली पाच मिनिटं? मास्क काढायची?"

नानांनी मान खाली घातली. "गोदीतही काढायला लावायचे. मला वाटायचं, पाणबुड्यांना जरा सुट्टी. हातपाय हलवायला, थट्टामस्करी करायला. आमची ही माणसं सुट्टी घेत नाहीत मॅडम. अक्का म्हणायची, मास्क काढला तर तेवढा ऑक्सिजन वाया. ती स्वतःच हाताने दाबून धरायची."

मी लिहायचं थांबले. माणूस गुन्हा कबूल करतो तेव्हा त्याच्या बोलण्यात कुठेतरी स्वतःची बाजू असते. नानांच्या बोलण्यात ती नव्हती. त्यांनी शेवटी एकच विचारलं, "ती पोरगी सुटेल ना?"

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते आधी नानांवर भडकले आणि मग माझ्यावर. सहा तासांनी माणसाला कंटाळा येईल, ऑक्सिजनने छाती कशी बिघडेल, असं ते म्हणाले. पाणबुड्यांच्या टाकीबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक मी मागून घेतलं आणि रात्री घरी नेऊन वाचलं. त्यात धोक्याची लक्षणं दिली होती. छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ, कोरडा खोकला, खोल श्वास घेताना दुखणं, दम. जणू आबांचा अर्ज कुणीतरी आधीच इंग्रजीत लिहून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ते पान मी डॉक्टरांपुढे धरलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणूनच पाच मिनिटांचा नियम लिहिला. पण मी नियम लिहिला आणि विसरून गेलो. ती माणसं माझ्यासमोर बाजाराच्या सकाळी यायची. सहा दिवसांत खोकला गेलेला असायचा. मला कधी दिसलाच नाही."

आता प्रश्न पुराव्याचा होता. मोठे साहेब म्हणाले, पुस्तकातलं पान आणि एका मदतनिसाची कबुली यावर आबा ऐकणार नाहीत आणि गाव तर मुळीच नाही. त्यांचं बरोबर होतं, आणि मुदतही त्यांनी आठवडाभर वाढवून दिली. धुळ्याला शरीरशास्त्र शिकवणारे एक वयस्कर प्राध्यापक होते, त्यांना मी भेटले. त्यांच्याकडे श्वास मोजायचं यंत्र होतं. पाण्याने भरलेल्या डब्यात दुसरा डबा उलटा तरंगत असतो, माणसाने पोटभर श्वास घेऊन नळीत फुंकायचं, डबा जेवढा वर उठेल तेवढा त्याचा श्वास. प्राध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाय बरा होतोय म्हणता ना? मग टाकी बंद करायला लावू नका. फक्त घड्याळ लावा. आणि नशीब समजा, कुणाला आत फेफऱ्याचा झटका आला नाही."

ते यंत्र आम्ही पोलिसांच्या जीपमधून आणलं. हवालदाराने ते वाटभर मांडीवर बाळासारखं धरलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "मी बसतो टाकीत. सहा तास, मास्क न काढता."

नाना म्हणाले, "तुम्ही नाही, मी. चूक माझी."

"नाना, तुमची छाती तंबाखूने आधीच खाल्लेली आहे. त्यावर काही सिद्ध होणार नाही."

प्राध्यापकांनी नको म्हणून पाहिलं. मग दोन अटी घातल्या. दाब अक्काला असायचा त्याहून रतीभर जास्त नाही, आणि ते स्वतः काचेपाशी बसणार, ओठ किंवा बोटं थरथरली तर लगेच मास्क काढायचा. डॉक्टरांनी फुंकलं, डबा दणकन वर गेला. आबांना मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते आणि पोलीस पाटील शेडमध्ये बाकावर बसले. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही सगळे त्या गोल काचेकडे बघत होतो. पहिले तीन तास डॉक्टर आत मासिक वाचत होते. चौथ्या तासाला त्यांनी मासिक खाली ठेवलं. मग घसा खाकरायला लागले. पाचवा तास संपत आला तेव्हा त्यांचा हात आपोआप छातीच्या मधल्या हाडावर गेला.

आबा बाकावरून उठून काचेपाशी गेले. "तठेच," ते हळू आवाजात म्हणाले. "मनी बहीन बी तठेच हात ठेवस."

सहा तास प्राध्यापकांनी पुरे होऊ दिले नाहीत. डॉक्टर बाहेर आले ते खोकतच. पुन्हा नळी तोंडाला लावली. श्वास घ्यायला गेले, मध्येच अडले, जमेल तेवढं फुंकलं. डबा उठला, पण सकाळच्या खुणेच्या बराच खाली थांबला. पुन्हा फुंकलं. पुन्हा तिथेच. त्यांनी नुसतं बोटाने आबांना ती खूण दाखवली.

तीन दिवसांनी त्यांचा श्वास पुन्हा जवळपास सकाळच्या खुणेवर आला. अक्काला मधला बाजार चुकवायला लावला होता. तिचाही खोकला ओसरला. सुनेच्याच हातचं जेवत असताना ओसरला. मी अहवाल लिहिला, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, अर्जात तथ्य नाही असा शेरा मारून तो निकाली काढला. नानांवर कारवाई झाली नाही. तिन्ही पेशंटांनी त्यांच्याविरुद्ध एक शब्द लिहून दिला नाही. डॉक्टरांनी शेडशेजारची खोली बाहेरगावच्या पेशंटांसाठी रिकामी करून दिली, म्हणजे चार-पाच दिवस राहून रोज दीड तास बसता यावं. टाकीच्या दारावर मोठं घड्याळ टांगलं.

माझ्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. पण आठवड्याने ती सून ठाण्यात आली.

"ताई, एक कागद द्या."

"कसला?"

"मी काही करेल नही असा. शिक्का मारीसन."

मी ठाणे अंमलदाराकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. आमच्या कपाटात शेकड्यांनी छापील नमुने होते. अटकेचा, जप्तीचा, जामिनाचा, हरवल्याचा, सापडल्याचा. या माणसाने काही केलेलं नाही असं लिहायचा नमुना नव्हता.

"गावात कुणी काही बोलतं का?"

"बोलत नहीत. मना हातनं पानी लेत नहीत. मी हापशीवर गयी का भांडा उचलतस. आबा बी ओटावर येस, बसस, अन् चहा मांडा का म्हनस, आतेच पिसन उनू."

आबांनी स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांची खात्री पटलेली होती. पण दोन महिने मनात घट्ट बसलेली भीती अशी एका दिवसात निघत नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि दुसरी गोष्ट कळली ती माझ्या स्वतःच्या कामाबद्दल. मी तिला जीपमध्ये घालून सगळ्या गावादेखत नेलं होतं. ती निर्दोष ठरली ती मात्र माझ्या टेबलावरच्या एका कागदावर, जो गावातल्या कुणीच पाहिला नव्हता.

मी जीप काढली. तिला पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसवलं. दिवस मुद्दाम असा निवडला की शेतावरची माणसं जेवायला घरी आलेली असतील. अक्काच्या ओसरीसमोर गाव जमलं. मी अहवाल वाचायला सुरुवात केली, पण तो साहेबी मराठीत होता, 'सदरहू' आणि 'उपरोक्त' यांनी भरलेला. चार ओळींनंतर कागद घडी करून ठेवला आणि मला जमेल तशा खानदेशीत सगळं सांगितलं. टाकी, भोंगे, सहा तास, डॉक्टरांची छाती. माझ्या खानदेशीला बायका हसल्या, ते बरंच झालं.

माझं बोलून संपलं. अक्का बाजेवर उठून बसली होती. पायाची दोन बोटं गेली होती, पाऊल वाचलं होतं. ती भावाकडे बघून म्हणाली, "आबा, बाईसाहेब इतलं बोलनी, तिना घसा कोरडा पडना व्हई. चहा मांड वं पोरी. बठ्ठासना मांड."

सुनेने चहा केला. एका थाळीत सात-आठ कप घेऊन ती बाहेर आली आणि थांबली. मी पहिला कप उचलला आणि प्यायले. गावाने माझ्याकडे पाहिलं. पण मी परकी होते, जीपमध्ये बसून निघून जाणारी. माझ्या पिण्याला तिथे फारशी किंमत नव्हती, हे मला त्याच क्षणी कळलं.

आबांनी हात पुढे केला. कप बशीत ओतला, फुंकर मारली. फुंकर जरा जास्तच वेळ चालली. मग बशी एका दमात संपवली आणि मिशा पुसल्या.

"साखर कमी शे," ते म्हणाले. "आखो एक आन."

त्यानंतर मी आणखी वीस वर्षं नोकरी केली. त्या प्रकरणानंतर दोन गोष्टी मी कधी चुकवल्या नाहीत. संशयिताला सगळ्यात आधी त्याचा दिवस विचारायचा, त्याच्या मनातलं नंतर. आणि ज्याला गावादेखत नेलं त्याला निर्दोष ठरल्यावर गावादेखतच परत आणून सोडायचं, भर दिवसा. वरिष्ठ म्हणायचे, बाई डिझेल फार जाळतात. जाळत होते. त्या सुनेचा पाट पुढे झाला की नाही हे मला माहीत नाही, सहा महिन्यांत माझी बदली जळगावला झाली. पण त्या दुपारी थाळी रिकामी करून ती आत गेली तेव्हा मागून तिघी शेजारणी आपापले कप घेऊन स्वयंपाकघरात शिरल्या, आणि आतून भांड्यांचा आणि बोलण्याचा आवाज येऊ लागला. मी हवालदाराला म्हटलं, चला, आता आपलं इथे काही काम नाही.